उशांचं खोकं

१

विम्याचा माणूस आला तेव्हा त्याला बसायला घरात खुर्चीच उरली नव्हती. खुर्च्या आदल्याच दिवशी जाड कागदात गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या होत्या आणि पलंगावर भांड्यांचा ढीग होता. शेवटी चिंगीच्या आईने त्याला पुस्तकांच्या एका खोक्यावर बसवलं. "निवांत बसा हो, मोडायचं नाही. माझ्या हातचं आहे," ती म्हणाली.

हे 'माझ्या हातचं' म्हणजे तिचं पालुपद. बाई चष्म्याच्या दुकानात कामाला. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, आणि केसभर इकडेतिकडे झालं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डोकं धरून दारात उभं. त्यामुळे दुसऱ्याच्या कामावर तिचा विश्वास म्हणून नव्हता. समुद्रापलीकडे बिऱ्हाड हलवायचं ठरलं तेव्हापासून ती रोज दुकानातून आली की पदर खोचून खोकी भरायला बसायची. "ही एखाद्या दिवशी मलाही रद्दीत गुंडाळून वर चिकटपट्टी मारणार," असं चिंगीचे बाबा येईल त्या पाहुण्याला सांगत.

विमावाला मात्र हसला नाही. सरळ कामाचं बोलू लागला. "दोन प्रकार आहेत, वहिनी. पहिल्यात सगळं आलं. फुटलं, भिजलं, कपचा उडाला, कशाचीही भरपाई. पण त्याला एक अट आहे. जे खोकं आमच्या माणसांनी भरलेलं नाही, ते आम्ही उघडणार, रिकामं करणार आणि परत भरणार."

"आणि दुसरा?"

"दुसरा स्वस्तातला. त्यात तुमचं कुणी काही उघडत नाही. पण भरपाई कधी, तर सगळंच्या सगळं बुडालं तर. एक खोकं जरी तुमच्या दारात पोचलं, तरी बाकीच्याचं काही मिळायचं नाही."

"पहिलाच घेऊ या," बाबा म्हणाले. "उगाच डोक्याला ताप नको."

"म्हणजे मी महिनाभर मरमर करून भरलेली खोकी परक्या माणसांनी उलटीपालटी करायची? आमचे कपडे, पांघरुणं, सगळं?" चिंगीची आई फणकारली. "काही नको. दुसरा घ्या."

विमावाल्याने पेनाचं टोपण काढलं. "वहिनी, आम्ही उघडतो ते फुटेल म्हणून नव्हे. आत काय आहे ते एकदा कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असावं, एवढंच."

"मी पाहिलंय की. माझा तर धंदाच डोळ्यांचा आहे," ती म्हणाली, आणि दुसऱ्या प्रकारावर सही ठोकून मोकळी झाली. त्याने कागद पिशवीत घातले आणि चहाही न घेता उठला.

२

सामान न्यायचा दिवस म्हणजे घरात नुसता कल्ला. मुकादमाची माणसं जिन्यावरून वरखाली करत होती, दारं सताड उघडी होती, आणि खाली ट्रकमध्ये कुणीतरी फळ्यांवर हातोडा मारत होतं. मोठी माणसं घामाघूम, पण चिंगीची चंगळ होती. एवढी खोकी, लपायला एवढ्या जागा! सकाळपासून तिने लपाछपीचा लकडा लावला होता.

चिंगी सहा वर्षांची. तिचा डावा डोळा आळशी. दमली की नाकाकडे वळायचा. त्याला कामाला लावायचं म्हणून रोज थोडा वेळ चांगल्या, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधायची, असा डॉक्टरांचा हुकूम. चष्म्याची डावी काच जाड. ती आईने स्वतः घासलेली. बाकी पोरगी म्हणजे बारा भानगडी. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, आणि नखं कुरतडून कुरतडून बोटांची टोकं खरखरीत झालेली.

तिला लपायची हौस दांडगी, पण सापडेपर्यंत दम निघत नसे. जरा वेळ झाला की आतूनच वाजवायची. टक. मग थोडं थांबून, टकटक. अशी ती स्वतःच सापडून घ्यायची आणि वर हसत सुटायची.

"एकदाच हं, चिंगे," असं म्हणून आईने भिंतीकडे तोंड करून आकडे मोजले. मग दारामागे पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं. निजायच्या खोलीत आली तर खोली रिकामी, फक्त कोपऱ्यात उशांचं खोकं. त्याची झाकणं तिने उघडी ठेवली होती, चिंगीची दुलई वरून घालायची राहिली होती म्हणून. आता झाकणं मिटलेली होती.

आतून आवाज आला. टक. टकटक.

तिला हसूच आलं. "कुठे बरं गेली आमची चिंगी?" ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, वाकली, आणि झाकणाला हात घातला. तेवढ्यात मागून दोन तळवे तिच्या पाठीवर पडले.

"धप्पा!"

ती दचकून वळली. मागे चिंगी उभी होती, हात अजून तसेच वर धरलेले.

"अगं! तू इकडून कशी आलीस?"

"धप्पा दिला मी," चिंगी म्हणाली. "आता उघडायचं नाही."

आता खेळाचा नियम तर तोच आहे. शोधणाऱ्याला मागून धप्पा बसला की त्याने शोधणं सोडायचं, हार मानायची आणि पुन्हा भिंतीशी जायचं. पण पुन्हा खेळायला वेळ कुणाला होता? खालून मुकादम ओरडत होता, "ताई, ट्रक खोळंबलाय!" तो ठोकल्याचा आवाज खालच्या हातोड्याचाच असणार. तिने दुलई चिंगीच्या काखेत दिली, झाकणं दाबली आणि चिकटपट्टी ओढली. शेवटी पट्टीचं टोक दुमडून छोटासा कान केला. हा कान म्हणजे तिची खूण, मागाहून उघडायला सोपं पडावं म्हणून ती सगळ्या खोक्यांना करायची. पट्टी ओढताना असा कर्कश आवाज होतो की तेवढ्यात दुसरं काही ऐकू येणं शक्यच नाही. असं तिने पुढे स्वतःला कितीदा तरी सांगितलं.

"उशा म्हणता ना, ताई?" मुकादम खोकं उचलताना म्हणाला. "मग एवढं जड कसं? ओल्याच भरल्यात की काय?"

सगळे हसले. चिंगी खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि ट्रक वळून दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

३

नव्या घरात पोचल्यावर पहिले काही दिवस सामानाची वाट बघण्यात गेले. खोल्या मोठ्या, भिंती पांढऱ्या, आणि त्यात शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या दोन गाद्या, बस्स. काही बोललं की खोली तेच परत बोलायची. नळ सोडला तरी दचकायला व्हायचं.

बाबा मात्र खुशीत होते. "पोरगी कशी शहाणी झालीय बघ! विमानात हूं नाही की चूं नाही. पानातलं सगळं संपवते. हवापालट मानवला."

खरंच होतं ते. चिंगी सांगितलं की बसायची, सांगितलं की उठायची. नखं कुरतडणंही थांबलं होतं. तिची बोटं आता गुळगुळीत, नीटनेटकी दिसत. हे सगळं आईला आवडायला हवं होतं. आवडत नव्हतं, आणि का नाही तेही कळत नव्हतं.

पट्टी बांधणं म्हणजे एरवी रोजची मारामारी. पण एका संध्याकाळी चिंगी आपणहून समोर येऊन बसली आणि तोंड वर केलं. आईने पट्टी उजव्या डोळ्याशी नेली. चिंगीने तिचं मनगट धरलं आणि हात हळूच दुसऱ्या बाजूला सरकवला.

"इथे, आई."

"उजव्यावर बांधायची गं, वेडाबाई. आळशी कोण आहे आपल्यात?"

"उजवा," चिंगी म्हणाली. हट्ट नाही, काही नाही, नुसती माहिती दिल्यासारखं.

पोर गोंधळली असेल, म्हणून आईने सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगी चष्मा उलटा घालून खायला आली. वरची कड खाली, काड्या कानांवरून वर निघालेल्या. बाबांना हसू आवरेना. आईने चष्मा सरळ केला. ती पाणी आणायला गेली आणि परत येऊन बघते तर पुन्हा उलटा. चिंगी तसाच चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचत होती, अगदी घडाघडा.

आई तिथेच थबकली. चष्मा असा उलटा फिरवला की डावी काच उजवीकडे जाते. जाड काच आता चिंगीच्या उजव्या डोळ्यावर होती, आणि तिला तीच लागत होती.

४

तिने तपासायचं ठरवलं. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून एका मोठ्या कागदावर लहान होत जाणाऱ्या अक्षरांच्या ओळी काढल्या आणि भिंतीला चिकटवल्या. भर दुपारी, खिडकीतून लख्ख उजेड. चिंगीला समोर उभं केलं आणि चष्मा काढून एकेक डोळा तळहाताने झाकला.

उजवा झाकला. डाव्या डोळ्याने चिंगीने सगळ्यात खालची ओळ वाचली. एवढी बारीक अक्षरं त्या डोळ्याला जन्मात कधी दिसली नव्हती. डावा झाकला. आता वरचं मोठं अक्षरही नीट सांगता येईना, आणि उघडा राहिलेला उजवा डोळा हळूहळू नाकाकडे वळला.

"अहो, हिचा डोळा बदललाय," रात्रीची भांडी आवरताना तिने नवऱ्याला सांगितलं.

"बदलायला डोळा म्हणजे काय दिवा आहे?"

"थट्टा नको. डावा होता, आता उजवा झालाय."

"अगं, समोरच्याचा डावा म्हणजे आपला उजवा. घाईत तूच उलटं धरलं असशील."

"अहो, माझा धंदा आहे हा! पोटच्या पोरीचा डोळा चुकेल मला?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दमलीयस तू. सामान येऊ दे, घर लागू दे, मग बोलू." त्यांचा स्वर इतका मायेचा होता की तिला रडू आलं. तिने मनाची समजूत घातली. मुलांचे डोळे सुधारतात. एक सुधारला असेल, दुसरा बिघडला असेल. असं होत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिने ती समजूत घट्ट धरून ठेवली.

"चिंगे, लपाछपी खेळू या?" तिने सकाळी मुद्दाम विचारलं.

"नको. मी जिंकले ना," चिंगी म्हणाली.

मग ती न्हाणीघरातल्या आरशासमोर चिंगीची वेणी घालायला बसली. केस विंचरता विंचरता सहज वर पाहिलं आणि तिच्या हातातला कंगवा थांबला. आरशात तिची चिंगी होती. वळलेला डोळा त्याच बाजूला, पूर्वी रोज समोर बसल्यावर दिसायचा तिथे. भांगही तिकडेच. इतके दिवस जे हरवल्यासारखं वाटत होतं ते सगळं त्या काचेत जागच्या जागी होतं.

आरशातली चिंगी तिच्याकडे बघत होती.

"इथून बरोबर दिसते ना मी?" ती म्हणाली.

वेणी अर्धवट सोडून आई बाहेर आली आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. मागून पावलं येतील म्हणून ती कान देऊन होती. पावलं आली नाहीत. तिला आपल्याच लेकीची भीती वाटत होती. हे असं कुणाला सांगायचं? सांगायला शब्द तरी कुठून आणायचे?

५

विमावाल्याचा फोन आला तो भर दुपारी. बाबांनी आवाज मोठा करून फोन दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला.

"वाईट बातमी आहे, साहेब. जहाज वादळात सापडलं. वरचे कंटेनर समुद्रात गेले, त्यात तुमचाही होता. जाता जाता फुटला."

"म्हणजे सगळं गेलं?" बाबांनी डोक्याला हात लावला. "पलंग, कपाट, भांडी, सगळं?"

"सगळं गेलं असतं तर तुम्हाला भरपाई मिळाली असती," विमावाला म्हणाला आणि जरा घुटमळला. "एक खोकं डेकवर राहिलं. खलाशांना सापडलं. त्यावरची चिठ्ठी निघून गेलीय, पण तुमचंच असावं असा अंदाज आहे. तुमच्याकडे पाठवतोय. ओळख तुम्हीच पटवायची. तुमचं असेल तर भरपाई नाही. तुमचं नसेल, तर तसं लिहून द्या, पूर्ण रक्कम मिळेल."

"भिजलंय का?" चिंगीच्या आईने विचारलं.

"तेच तर नवल आहे, वहिनी. कोरडं आहे. अगदी ठणठणीत. फक्त..." तो पुन्हा घुटमळला. "खलाशी म्हणतात, ते हललं की आतून काहीतरी वाजतं."

तिने वर पाहिलं. दाराच्या चौकटीत चिंगी उभी होती. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिने चष्मा उलटा घातला होता आणि ती फोनकडे टक लावून बघत होती.

६

ट्रकवाला आला, त्याने ते मोठं, उशांच्या मापाचं खोकं पुढच्या खोलीत आणून मधोमध ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "तुमचं असेल तर ठेवून जातो. नसेल तर सही करा, परत नेतो. तिकडे मग कुठे टाकून देतील ते त्यांचं ते बघतील."

बाबांनी बायकोला बाजूला ओढलं आणि कुजबुजले, "अगं, नाही म्हण. चार उशांपायी सगळ्या संसारावर पाणी सोडायचं? आपल्याकडे बसायला पाट नाही. चिठ्ठी नाही, खूण नाही, कोण विचारतंय?"

"खूण आहे," ती म्हणाली.

चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं होतं. छोटासा कान. तिच्या हातचा.

"आपलं नाही ते," घरातल्या जिन्याच्या पायरीवरून चिंगी म्हणाली. आवाज शांत, गोड. "परत पाठवा ना, बाबा."

"बघ, पोरीलाही कळतं," असं म्हणून बाबांनी हसायचा प्रयत्न केला, आणि ते सही करायला ट्रकवाल्याकडे वळले.

टक.

ट्रकवाला पेन पुढे करता करता थांबला. बाबांचं हसू जागीच राहिलं. बाहेर रस्त्यावर एक गाडी गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत सगळ्यांना ऐकू आला.

टकटक.

"सरकलं असेल आत काहीतरी," बाबा म्हणाले. त्यांच्या ओठांचा रंग उतरला होता. "उशा... उशा सरकल्या असतील. द्या हो इकडे पेन, द्या लवकर. घेऊन जा ते."

"थांबा!" ती किंचाळली. पळून जावं, त्या खोक्यापासून, त्या पायरीवरच्या पोरीपासून, घरातूनच पळत सुटावं असं वाटत होतं. आणि तरी ती खोक्याशी गुडघे टेकून बसली. मनातून एकच गोष्ट जात नव्हती. आता नाही म्हटलं, तर हे खोकं कुणीही कधीही उघडणार नाही.

खोकं उचलायला बाजूला भोक असतं, चार बोटं जातील एवढं. आत काळोख होता. ती वाकली आणि डोळा भोकाशी नेला. सवयीने आधी डावा, मग उजवा. काही दिसेना. उशांचा, बंद कपाटाचा वास आला, आणि त्या वासात झोपून उठलेल्या मुलाच्या केसांचा.

मग काळोख जरासा हलला. भोकाच्या पलीकडे, अगदी जवळ, एक डोळा आला. बाजूला नाकाची कड. डोळा डावा होता. दमला होता, आणि नाकाकडे वळला होता.

तिने बोट आत घातलं. आतून एका लहान हाताने ते गच्च धरलं. हात ऊबदार होता, आणि बोटांची टोकं खरखरीत, कुरतडलेली.

"आमचं आहे," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, ओरडून. "आमचं आहे हो! माझं आहे!"

जिन्याची पायरी करकरली. अनवाणी पावलं खाली उतरली आणि रिकाम्या खोलीतून, भिंतीच्या कडेकडेने, तिच्या मागे आली. बाबा काहीतरी म्हणत होते, "चिंगे, इकडे ये... चिंगे," पण त्यांचा आवाज मध्येच बसला. त्यांना काय दिसलं ते त्यांनी पुढे कधी सांगितलं नाही.

पावलं थांबली. दोन तळवे तिच्या पाठीवर पडले. या वेळी ते कपड्यातून आत झोंबले, इतके गार होते.

"धप्पा," मागून आवाज आला.

ती वळली नाही. मानेवर श्वास येत होता तरी वळली नाही. एका हाताचं बोट आतल्या मुठीत तसंच ठेवून तिने दुसऱ्या हाताने पट्टीचा कान चिमटीत धरला आणि ओढला.